घोटभर सोबत

नीलमचा फोन दुपार कलताना आला. "मॅडम, तुम्ही या," ती म्हणाली, आणि क्षणभर थांबून, "सावकाश या. घाई नका करू." गेलं वर्षभर तिचे फोन येत होते आणि प्रत्येकाच्या शेवटी 'लवकर या' असायचं... वीज गेलीय, ऑक्सिजनचं मशीन बंद आहे, लवकर या. आजींचे पाय पुन्हा सुजलेत, लवकर या. आजी माझ्याशी बोलत नाहीत, तुम्हीच समजवा, लवकर या. त्या एका 'सावकाश'नं मला सगळं सांगितलं. रिक्षा मिरकरवाड्याच्या उताराला लागली तेव्हा बंदरावर बर्फाच्या लाद्या फोडण्याचं काम चाललं होतं. तो कडकड आवाज, मासळीचा आणि डिझेलचा ओला वास, जाळ्यांच्या हिरव्यानिळ्या ढिगांवर बसलेल्या घारी, सगळं रोजच्यासारखं होतं. मी रिक्षावाल्याला एकदाही घाई करायला सांगितलं नाही.

सुमतीवन्सं माझ्या यजमानांची थोरली बहीण. नणंदेला 'वन्सं' म्हणायची पद्धत आता जवळजवळ संपली. पण मी साताऱ्याकडून लग्न होऊन रत्नागिरीत आले त्या काळी ती होती, आणि माझ्या तोंडी ती शेवटपर्यंत राहिली. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तो प्रसंग मला त्यातल्या वासासकट आठवतो. बंदराच्या वरच्या चढावर चिऱ्याचं छोटं घर, ओटीवर वाळत घातलेल्या आमसुलांचा आंबट दर्प, खिडकीतून येणारा खारा वारा. त्यांनी विचारलं, "चहा घेशील?" माहेरच्या शिकवणीप्रमाणं मी अदबीनं म्हटलं, "नको, आत्ताच घेतला." त्यांचा चेहरा असा काही उतरला, की मी कुणाचा अपमान केला हेच मला कळेना. त्या आत गेल्या, दोन कप घेऊन आल्या, एक माझ्यापुढं ठेवला, दुसरा अर्धाच भरलेला स्वतःच्या हातात घेतला. "आमच्याकडे नको म्हणायचं नसतं गो," त्या म्हणाल्या. "घोटभर घे. उरला तर मांजराला घाल, ते काय साताऱ्याचं नाय."

त्या उतरलेल्या चेहऱ्याचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी समजला. वन्संचं आजोळ खाडीच्या आतल्या बाजूला होतं. कसल्याशा मानपानाच्या भांडणात त्यांच्या आजोबांना गावानं वाळीत टाकलं, आणि त्या वर्षी लहानगी सुमती सुट्टीला तिथंच होती. कामापुरतं कुणी आलंच तर अंगणात उभं राहून बोलायचं. आजी तिच्या हाती पाण्याचा तांब्या देऊन बाहेर पाठवायची, आणि प्रत्येक माणूस, कालपर्यंत मांडीवर घेणारासुद्धा, आकाशाकडं बघत एकच वाक्य म्हणायचा, आत्ताच पिऊन आलो. "शिवी दिली असती तर बरं झालं असतं," वन्सं म्हणाल्या होत्या. "भरलेला तांब्या घेऊन परत आत जायचं ना, तो बाहेर आणताना होता त्याहून जड लागतो." पुढं ते भांडण मिटलं, आजोबांच्या घरी पुन्हा पंगती उठल्या, पण त्या मुलीच्या हातातला तांब्या कुणी उतरवून घेतला नाही, असं मला नेहमी वाटत आलं.

लग्नानंतर त्यांचे यजमान बोटीवर असत. महिनोन्महिने घरात दुसरं माणूस नाही. एकटीनं प्यायलेला चहा औषधासारखा लागतो, असं त्या म्हणत, आणि म्हणून असेल, त्यांनी स्वतःसाठी एक नियम घालून घेतला होता... घरात येणारा कुणीही काहीतरी प्यायल्याशिवाय जाणार नाही, आणि कुणीही एकट्यानं पिणार नाही. पोस्टमन असो, वीज मंडळाचा माणूस असो, त्या अर्धा कप घेऊन समोर बसणारच. हलिमा मासळीची पाटी घेऊन पहिल्यांदा आली तेव्हा खालच्या पायरीवर टेकली होती. वन्संनी तिला ओटीवर बोलावून पाट दिला, घरातलाच कप दिला, आणि तेव्हापासून तीसेक वर्षं हलिमाचा सकाळचा चहा त्याच घरी होत आला. दोघींची भांडणंही त्याच चहावर व्हायची. "काल दिलेली सुरमई शिळी होती." "शिळी नव्हती बाय, तुझ्यासारखी थकली होती." मग दोघी हसत आणि कपाचा तळ गाठत.

असल्या बाईला हृदयानं दगा दिला आणि पाणीच तोलून प्यायला सांगितलं. डॉक्टरांनी समजावलं ते साधं होतं. हृदय दमलंय, रक्त पुढं ढकलण्याची त्याची ताकद कमी झालीय, त्यामुळं शरीरात पाणी साचतं. आधी पायांत, मग पोटात, मग फुप्फुसांत. मीठ जवळजवळ बंद. पाणी मोजकं, आणि त्या मोजक्यात चहा, ताक, आमटी, सगळं आलं. मुंबईला नोकरीला असलेला त्यांचा मुलगा प्रसाद रजा संपेपर्यंत राहिला, आणि जाण्यापूर्वी त्यानं घरी राहून देखभाल करणारी नीलम शोधून काढली. बुरोंडीची मुलगी, नर्सिंग शिकलेली, बोलायला फटकळ आणि हातानं फार मऊ. रोज सकाळी वन्संना वजनकाट्यावर उभं करायचं, अंगठ्यानं घोटा दाबून खळगा किती वेळ राहतो ते पाहायचं, लघवीची गोळी वेळेवर द्यायची, पाठीशी उशांची उतरण रचायची, कारण आडवं झालं की त्यांना श्वास पुरत नसे. आणि दिवसाचं पाणी एका पितळी तांब्यात मोजून भरून ठेवायचं. त्या तांब्यापलीकडं काही नाही.

"आली बुरोंडीकरीण, लपवा भांडी," वन्सं तिला पाहून म्हणायच्या.

"लपवा की. काटा सांगतो मला सगळं," नीलम म्हणायची. "काटा खोटं बोलत नाही आजी. तुम्ही बोलता."

"तुझ्या सासूचं नशीब बघायला मी जगले पाहिजे."

"म्हणून तर म्हणते, पाणी कमी प्या."

काटा खरंच खोटं बोलला नाही. तांब्या संध्याकाळी नेमका रिकामा व्हायचा, हिशोबाबाहेर एक थेंब नाही, तरी वजन चढत होतं, घोट्यावरचा खळगा खोल होत होता. नीलमला काही उमगेना; माणसं यायच्या वेळी ती धुण्याला नाहीतर बाजाराला गेलेली असायची. मग एके सकाळी मी आणि नीलम दोघीही घरात असताना हलिमा आली, तिच्यामागून शेजारच्या दोघी आल्या, आणि प्रत्येकीबरोबर वन्संचा अर्धा कप चहा झाला. नीलम मला कोपऱ्यात घेऊन गेली. वन्संना विचारलं तर त्या चकित होऊन आमच्याकडं पाहत राहिल्या. त्यांनी चोरून काही केलंच नव्हतं. "तो कुठं माझा चहा गो?" त्या म्हणाल्या. "तो त्यांचा." पाहुण्यासोबतचा घोट पाहुण्याच्या खात्यावर पडतो, स्वतःच्या शरीरात तो जातच नाही, अशी त्यांची आयुष्यभराची समजूत होती. मी हसले, आणि हसता हसता मला भीती वाटली.

दोन दिवसांत त्यांना दवाखान्यात हलवावं लागलं. फुप्फुसांत पाणी चढलेल्या माणसाचा श्वास मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला... भरतीच्या वेळी खडकातल्या कपारीत पाणी शिरतं आणि बुडबुडत बाहेर येतं, तसा. तो आवाज अजून माझ्या कानांतून गेलेला नाही. वन्सं त्यातून परत आल्या, पण प्रसाद घाबरला होता, आणि त्याचं घाबरणं रास्त होतं. त्यानं फोनवरून निक्षून सांगितलं, आता कुणी भेटायला यायचं नाही. नीलमनं दाराला आतून कडी लावली. मग महिनाभर त्या घरात विलक्षण शांतता होती. वजन उतरलं, सूज ओसरली, श्वास मोकळा झाला, आणि वन्सं बोलेनाशा झाल्या. दाराकडं तोंड करून खुर्चीत बसायच्या. बाहेर चपलांची चाहूल लागली की मान किंचित वर यायची, चाहूल पुढं निघून गेली की खाली जायची. जेवणाचं ताट समोर तसंच राहायचं. मी कविता वाचून दाखवू का विचारलं, तर म्हणाल्या, "वाच. पण तू वाचून झालं की जाशील."

तपासणीला आलेल्या डॉक्टरांपुढं मात्र त्यांना वाचा फुटली. "तांब्यातलं पाणी माझं ना?" त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, हो. "मग ते मी कुणाबरोबर प्यावं, तेही तुम्ही ठरवणार?" डॉक्टर हसले. "आजी, पाणी मापात असेल तर सोबत कुणाची आहे याच्याशी माझं काही देणंघेणं नाही." झालं. कडी निघाली. वन्संनी स्वतःच व्यवस्था लावली. दिवसभरात गोळ्यांपुरतं पाणी घ्यायचं, जेवताना कोरडं जेवायचं, आणि उरलेला तांब्या येणाऱ्याजाणाऱ्यांसोबतच्या अर्ध्या अर्ध्या कपांसाठी राखून ठेवायचा. पाहुण्यांच्या वाट्याचा चहा वेगळ्या पाण्याचा. स्वतःच्या वाट्याचा मात्र तांब्यातलाच. नीलमनं मान्य केलं. मीही केलं. प्रसाद फोनवर म्हणाला, "तिला हवं तसं करू दे मामी."

तहान बाहेरून दिसत नाही, ऐकू येते. कोरडी जीभ टाळूला चिकटून सुटताना एक बारीक आवाज होतो, वाळलेलं पान उचलल्यासारखा. वन्सं बोलू लागल्या की प्रत्येक वाक्याआधी तो आवाज यायचा. नीलम ओल्या कापसानं त्यांचे ओठ टिपायची, तुपाचं बोट फिरवायची, तोंडात वेलदोड्याचे दाणे ठेवायला द्यायची. खिडकीखाली सारा समुद्र पसरलेला, आणि खिडकीत बसलेली ही बाई घोटभर पाणी उद्यासाठी नव्हे, तर अकरा वाजता येणाऱ्या हलिमासाठी राखून ठेवते आहे. येणाऱ्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना दिसायची ती नेहमीची वन्सं; पाय वर घेऊन बसलेली, कपाला दोन्ही हातांची ओंजळ करून, प्रत्येक घोट असा घेणारी की पाहणाऱ्यालाही तहान लागावी. ते महिने चांगले गेले. त्या ओटीवर पुन्हा भांडणं झाली, कुणाचं लग्न ठरलं, कुणाची बोट वादळात अडकली, सगळ्यावर वन्संचं मत पडलं.

मग उन्हाळा चढला. घामाघूम होणाऱ्या, ओठांना भेगा पडलेल्या वन्संकडं पाहणं नीलमला सोसवेना. एका सकाळी हलिमाला दारापर्यंत पोचवायला गेली असताना तिनं तिला सगळं सांगून टाकलं... तुमच्यासाठी आजी तहानलेल्या राहतात. तिच्या मनात एवढंच होतं, की हलिमानं थोडं कमी यावं. पण बंदरावर गोष्ट कुणा एकीजवळ राहत नाही. दोन दिवसांत सगळ्या वाडीला कळलं, की आपण गेलो की सुमतीबायचं पाणी संपतं. आणि त्या माणसांनी, ज्यांचं तिच्यावर जीवापाड प्रेम होतं, त्यांनी प्रेमानंच एक ठरवलं. यायचं बंद करायचं नाही, तिला वाईट वाटेल. जायचं, बसायचं, पण चहा घ्यायचा नाही; म्हणजे तिलाही सोबत द्यावी लागणार नाही.

शेजारची आली, म्हणाली, आत्ताच पिऊन आले. समोरचे गुरुजी आले, म्हणाले, आताच झाला हो. हलिमा आली, पाटीवरचं फडकं सारखं करत, खाली बघत म्हणाली, "आज नको बाय. पिऊनच आले."

त्यानंतर मी गेले तेव्हा तांब्या जवळजवळ भरलेला होता आणि वन्सं खिडकीकडं तोंड करून बसल्या होत्या, दाराकडं नव्हे. मी खुर्ची ओढून जवळ बसले. त्यांनी माझ्याकडं न पाहता विचारलं, "काय गो, माझ्या घरचं पाणी वाईट झालं काय?"

मला आधी समजलं नाही. मग समजलं, आणि त्या चिऱ्याच्या भिंती, तो समुद्र, ती दुपार सगळं मागं सरून एक अंगण समोर आलं, आकाशाकडं पाहत उभी असलेली माणसं आली. मी त्यांचा हात धरला. नखांखाली निळसर झाक होती, तळवा मात्र लहान मुलीसारखा उबदार. मी जे खरं होतं ते सांगितलं... कुणी तुम्हाला तोडलेलं नाही वन्सं, तुमचं पाणी वाचावं म्हणून ते नको म्हणतात, नीलमनं त्यांना सांगितलंय. दारात उभ्या असलेल्या नीलमचे डोळे भरून आले. मशीनची घरघर तेवढी चालू होती. मग तो वाळल्या पानाचा आवाज झाला आणि त्या म्हणाल्या, "वाचवून ठेवलेलं पाणी मी कुणाला देणार आहे? जा, सांग त्यांना. हलिमाला आधी सांग. म्हणावं, बायनं विचारलंय, वाळीत का टाकलंत." मग नीलमकडं वळल्या. "आणि तू रडू नको. तेवढंच पाणी फुकट."

मी तशीच बंदरावर गेले. लिलाव संपत आला होता. हलिमा पाटीत उरलेल्या बांगडा मासळीवर बर्फाचा चुरा टाकत बसली होती. मी तिला आजोळची गोष्ट सांगितली. तीस वर्षं सोबत चहा घेऊनही ती तिला ठाऊक नव्हती. तिनं ऐकून घेतलं. मासळीच्या ओल्या हातानं कपाळाला हात लावला, खवल्यांचे दोनतीन चमकते ठिपके तिथंच चिकटून राहिले. "या अल्ला," ती हळूच म्हणाली, "आम्ही काय करून बसलो." मग उठून उभी राहिली आणि पुन्हा बसली. अशा कपड्यांनी आत्ता नको, म्हणाली, उद्या पाटी विकली की न्हाऊन, नवीन लुगडं नेसून येते. सांग बायला.

मी फोन करून सांगितलं. ते त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं. "उद्या म्हणाली? बरं," त्या म्हणाल्या. आवाजात हसू होतं.

दुसऱ्या दिवशीचं मला नीलम आणि हलिमा या दोघींनी सांगितलं, कारण त्या घरात मी पोचले तेव्हा चहाचे दोन कप स्टुलावर भरलेले होते आणि त्यांच्यावर साय धरली होती. वन्सं सकाळपासून न्हाऊन, वेणी घालून, दाराकडं तोंड करून बसल्या होत्या. नीलमनं दहादा विनवलं तरी गोळ्यांपलीकडं त्यांनी ओठाला पाणी लावू दिलं नाही. "आज अर्धा कप नाय," म्हणाल्या, "आज भरलेला घेणार." हलिमा दुपारी आली. हिरवं लुगडं, हातात पाटी नाही, तिला तसं पाहायची कुणाला सवय नव्हती. वन्संनी तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "कुणाच्या लग्नाला चाललीस?" हलिमा पाटावर बसली. नीलम आत चहा ठेवायला गेली. हलिमाला वाटलं होतं बाय रागावेल, जाब विचारेल. तसं काही झालं नाही. वन्सं जरा पुढं वाकल्या, श्वास गोळा केला आणि विचारलं, "घेशील?"

हलिमानं सांगितलं, की तिनं लगेच उत्तर दिलं नाही. पदरानं डोळे पुसले, आणि मग म्हटलं, "घेईन." म्हणून वर पाहिलं, तर वन्संची मान खुर्चीच्या पाठीला टेकली होती. डोळे उघडे होते, हलिमाकडंच होते. किती वेळापासून ते तसे होते, हे तिला सांगता येईना. डॉक्टर म्हणाले, ठोक्यांची लय एकाएकी तुटली असावी, अशा हृदयाचं असं होतं, पाण्याशी त्याचा संबंध नाही. त्यांना काही कळलंही नसेल. मी खोलीत शिरले तेव्हा हलिमा त्यांचा हात आपल्या हातात घेऊन खाली बसलेली होती. तिनं मला बसूही दिलं नाही. "मी हो म्हटलं," ती म्हणाली. "मी घेईन म्हटलं. ऐकलं असेल ना गो तिनं?" मग नीलमकडं वळून, "तू आत होतीस, तुला ऐकू आलं ना? तुला आलं म्हणजे तिला आलंच असेल." नीलमनं माझ्याकडं पाहिलं. त्या वेळी आत गॅसचा आवाज होता, चहाला उकळी येत होती. तिला काही ऐकू आलं नव्हतं. "आलं," ती म्हणाली. "स्पष्ट आलं."

प्रसाद आला, सगळं झालं. सुतकाच्या दिवसांत समाचाराला माणसं येत राहिली, रीतीप्रमाणं काही न घेता जात राहिली, आणि मी प्रत्येक वेळी नजर दुसरीकडं वळवली. आता घर बंद असतं. नीलम मिरजोळ्याला एका आजोबांच्या सेवेला जाते, मध्यंतरी तिचा फोन आला होता, बोलता बोलता तिनं विचारलं, "मी खोटं बोलले त्याचं पाप लागेल का हो मॅडम?" किल्ली माझ्याकडं आहे. आठवड्यातून एकदा जाऊन मी खिडक्या उघडते, भिंतींना वारा लागू देते. खुर्ची तिथंच आहे, दाराकडं तोंड करून. मशीन परत गेलं, तरी खोलीच्या त्या कोपऱ्यात गेलं की कान आपोआप घरघर शोधतात, आणि ती सापडली नाही की तिच्या जागी दुसरंच काही ऐकू येतं... जीभ टाळूपासून सुटण्याचा तो बारीक आवाज, वाक्य सुरू होण्याआधीचा. मी थांबते. वाक्य येत नाही.

खिडकी उघडी दिसली की हलिमा येते. बाहेरच्या नळावर हात धुते, पाटी पायरीवर ठेवते. आत येताना तिची नजर प्रथम खुर्चीकडं जाते, माझ्याकडं नंतर. मी अजून जागची उठलेली नसते, काही बोललेलीही नसते. उंबऱ्यात उभी राहून, बंदरावर लिलावात बोली लावावी तशा मोठ्या, स्वच्छ आवाजात, भिंतींनाही ऐकू जाईल असं, ती म्हणते, "घेईन."